आकारणीचा आधार मागणे ही आडकाठी नव्हे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात संपत्तिकराचा विषय निघाला की एक सल्ला ठरलेला असतो. आधी कर भरून टाका, हरकत असेल तर अपील करा, पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज घालत बसू नका. त्याने कर एका रुपयानेही कमी होत नाही, उलट निगमची, म्हणजे महापालिकेची, माणसे दुखावतात. असा सल्ला देणारे बहुधा भले लोक असतात. त्यांत वकील असतात, निवृत्त अधिकारी असतात, कधी प्रभागाचे पार्षदही असतात. पुण्या-नाशकात संपत्तिकराच्या जागी घरपट्टी हा शब्द येतो, सल्ला तोच राहतो. कार्यालयाच्या बाजूने या मताचा दुसरा अर्धा भाग ऐकू येतो. माहिती मागणारे बहुतेक थकबाकीदार असतात, त्यांना फक्त वेळ काढायचा असतो, आणि जानेवारी ते मार्च या वसुलीच्या ऐन दिवसांत कर्मचाऱ्यांना जुनी दप्तरे उपसत बसावे लागते, असे तिथे म्हणतात. या दोन्ही अर्धांना कायद्याच्या भाषेत जोडले की एक सिद्धान्त तयार होतो : कराचा वाद हा कर-कायद्याचा विषय, माहितीचा अर्ज हा माहिती-कायद्याचा विषय, दोन खिडक्या वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

हे मत मला चूक वाटते. व्यवहारात ते गैरसोयीचे आहेच, पण ज्या कर-कायद्याच्या नावाने ते मांडले जाते त्याच कायद्याच्या रचनेशी ते विसंगत आहे, हे मला येथे दाखवायचे आहे.

पूर्वपक्ष कच्चा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. माहिती आयोगाला कर कमी करण्याचा अधिकार नाही, आणि तो असूही नये. एप्रिल २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात असे ठरवले की ‘एखादी गोष्ट का केली’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कायद्याच्या व्याख्येतली माहिती नव्हे. जे नोंदवलेले आहे ते मागता येते, अधिकाऱ्याकडून समर्थन मागता येत नाही. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की अस्तित्वात असलेली माहिती द्यावी लागते, नवी तयार करून द्यावी लागत नाही. वाटेल त्या, वाटेल तेवढ्या अर्जांमुळे सरकारी यंत्रणेचा वेळ माहिती गोळा करण्यातच जाऊ नये, असा इशाराही त्याच निकालात आहे. तेव्हा ‘माझा कर एवढा का वाढवला?’ असा एका ओळीचा अर्ज देऊन कोणी उत्तराची वाट पाहत असेल, तर त्याच्या हाती बहुधा काही लागणार नाही. इथपर्यंत पूर्वपक्ष बरोबर आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘का’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून करदात्याला कारण मिळण्याचा हक्कच नाही, असे त्यातून काढले जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कलम २(च) ही व्याख्या आहे. पण त्याच कायद्यात कलम ४(१)(घ) देखील आहे, आणि ते सांगते की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवली पाहिजेत. या कर्तव्यासाठी कोणी अर्ज करण्याची अट त्यात नाही. संपत्तिकराची आकारणी वाढवणे हा निर्णय नाही तर काय आहे? आणि ज्याच्या नावाने मागणीपत्र निघते तो बाधित नसेल तर बाधित कोण? गोव्याच्या निकालाने एक दार बंद झाले असे फार तर म्हणता येईल. शेजारचे दार कायद्याने उघडेच ठेवले आहे. गोव्याच्या निकालाचा दाखला देणाऱ्या युक्तिवादांत हे कलम फारसे कोणी काढत नाही, म्हणून मी त्यावर एवढा थांबलो.

आता ग्वाल्हेरकडे वळू. येथला संपत्तिकर मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ खाली आकारला जातो. १९९७ च्या सुधारणेने आणि वार्षिक भाडेमूल्य ठरवण्याच्या त्याच वर्षीच्या नियमांनी त्यात मुळापासून बदल केला. त्याआधी मूल्य निगम ठरवत असे आणि मालक हरकत घेत असे. १९९७ नंतर स्वनिर्धारण आले, म्हणजे मालकाने स्वतः हिशेब करून विवरण भरायचे. शहराची परिक्षेत्रे पाडून प्रत्येकाचे दर ठरतात. बांधकाम कोणत्या प्रतीचे, वापर निवासी की व्यापारी, इमारत मुख्य रस्त्यावर की आत, यांवर दर बदलतो. मालकाने क्षेत्रफळाला दराने गुणायचे, सूट वजा करायची आणि कर भरायचा. निगमने नंतर तपासणी करून वेगळा आकडा काढला आणि फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर तो सोडून दिला जातो. त्याहून जास्त असला तर फरकाच्या पाचपट दंड होतो.

या तरतुदीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कायद्याने करदात्यालाच आकारणी-अधिकारी बनवले आहे आणि चुकीची शिक्षा पाचपट ठेवली आहे. हे फक्त एकाच गृहीतावर न्याय्य ठरते : हिशेबाला लागणारी प्रत्येक बाब त्याच्यासमोर उघडी आहे. परिक्षेत्राची सीमा कुठून कुठे जाते, आपली गल्ली कोणत्या बाजूला पडते, निगमच्या नोंदीत आपल्या घराचे माप किती, ते कधी घेतले, कोणत्या भागाला व्यापारी धरले, हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून अचूक स्वनिर्धारण मागणे आणि चुकल्यास दंड करणे याला कोणताही न्यायशास्त्रीय आधार नाही. अशा व्यवस्थेत माहिती ही वादानंतरची दुसरी खिडकी उरत नाही. आकारणीची पहिली पायरीच माहिती असते.

दौलतगंज, दानाओली किंवा चितेरा ओलीतला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. रस्त्याकडे दोन दुकाने, पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने दिलेली. आत चौक, चौकाभोवती दोन भावांची बिऱ्हाडे. वरच्या मजल्यावर एक खोली बंद, कारण तिसरा भाऊ इंदूरला असतो. मागे पत्र्याचे छप्पर घातलेली कोठी. दगड-चुन्याचे बांधकाम, त्यात सत्तरच्या दशकात घातलेला एक स्लॅब. स्वतः राहत्या भागाला कायद्याने निम्मी सूट आहे, दुकानांना नाही. मग बंद खोली राहत्या भागात धरायची की नाही? वाड्याचे तोंड बाजारात असले तरी आतल्या बिऱ्हाडांना मुख्य रस्त्याचाच दर लावायचा का? कागदोपत्री वाडा अजून आजोबांच्या नावावर असेल आणि नामांतरण झालेले नसेल, तर सुटीचा दावा कोणी करायचा? या घराचा मालक कर चुकवायला निघालेला नाही. त्याला उत्तरे हवी आहेत, आणि ती निगमच्या माप-नोंदीत, दरांच्या ठरावात आणि परिक्षेत्राच्या नकाशात लिहिलेली आहेत. सेल्सा पिंटो निकालाच्या काटेकोर कसोटीवरही हे तिन्ही कागद ‘माहिती’ ठरतात. त्याने ‘कर का वाढवला’ असे विचारण्याऐवजी ‘माझ्या मालमत्तेच्या माप-नोंदीची, लागू केलेल्या दराच्या ठरावाची आणि परिक्षेत्राच्या नकाशाची प्रत द्या’ असे लिहिले, तर नकाराला कायदेशीर जागाच राहत नाही. कलम २(ञ) प्रमाणे तो दप्तराची पाहणीही मागू शकतो, आणि नकार दिल्यास तो योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे.

‘आधी भरा, मग अपील करा’ या सल्ल्यातली खरी अडचण दिनदर्शिकेत आहे. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. पहिल्या अपिलाला आणखी तीस, लांबवल्यास पंचेचाळीस. दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत लागावा याला कायद्यात मर्यादाच नाही. मध्य प्रदेशात याचा खर्चही करदात्यावर पडतो : अर्जाला दहा रुपये, पहिल्या अपिलाला पन्नास, भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला शंभर. आता महाराष्ट्रातल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४०६ पाहा. कर-मूल्याविरुद्ध न्यायाधीशाकडे अपील करायला मुदत आहे पंधरा दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी भरण्याची अट आहे. गुजरातेत लागू असलेल्या याच कायद्यातली ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अनंत मिल्सच्या खटल्यात वैध ठरवली. पंधरा दिवसांत अपील आणि तीस दिवसांत माहिती, ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवली की ‘दोन खिडक्या वेगळ्या’ या सिद्धान्ताचे फळ दिसते. आधाराचा कागद हाती येईपर्यंत अपिलाची मुदत संपलेली असते. आणि मुदतीत अपील केले तर ते अंदाजावर करावे लागते. ग्वाल्हेरात स्वनिर्धारणाच्या तपासणीविरुद्धचे अपील मेयर-इन-कौन्सिलकडे जाते. म्हणजे निगमच्याच कार्यकारी मंडळापुढे करदात्याने उभे राहायचे आणि निगमच्याच दप्तरातला आकडा चुकीचा आहे असे ते दप्तर न पाहता सांगायचे. अपील हा उपाय आहे असे म्हणणाऱ्यांनी या उपायाला लागणारे साधन कोण देणार, तेही सांगितले पाहिजे.

माहिती-कायदा ही नवी पाश्चात्त्य उपज आहे आणि करवसुली त्याआधी शतकभर नीट चालत होती, असाही एक सूर असतो. इतिहास याच्या उलट आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात आकारणी-पुस्तक ठेवण्याची सक्ती आहे, त्यात प्रत्येक इमारतीचे करयोग्य मूल्य लिहिण्याची सक्ती आहे, नोंदी पूर्ण झाल्या की जाहीर सूचना देण्याची सक्ती आहे, आणि ते पुस्तक पाहण्याचा व त्यातले उतारे घेण्याचा हक्क आहे. तक्रारी ऐकण्याचा टप्पा या पाहणीनंतर येतो. लघुवाद न्यायालयातले अपील त्याच्याही नंतर. म्हणजे इंग्रजी अमलात, जेव्हा बहुसंख्य प्रजेला मताधिकारही नव्हता, तेव्हासुद्धा क्रम असा होता : आधी पुस्तक उघडे, मग हरकत, मग अपील. आज ज्याला आपण नको ती गल्लत म्हणतो, तो आपल्या नागरी करपद्धतीचा मूळ क्रम होता. संगणक आल्यावर हे पुस्तक खरे तर जास्त उघडे व्हायला हवे होते.

माहितीच्या हक्काची चळवळही स्थानिक संस्थांच्या दप्तरातूनच उगवली. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली ती पंचायतीच्या कामांची हजेरीपत्रके आणि बिले वाचून दाखवण्यासाठी. १९९६ मध्ये, बिलासपूर मध्य प्रदेशातच असताना, तेथील आयुक्त हर्ष मंदर यांनी रेशन आणि रोजगार कार्यालयांची दप्तरे लोकांसाठी खुली केली. घर-रस्ता-धान्य यांच्या हिशेबासाठी जो हक्क मिळवला गेला तो घराच्या कराला लागू करू नये, हे म्हणणे मला मूळच विसरण्यासारखे वाटते.

आता गोपनीयतेचा आक्षेप. शेजाऱ्याच्या घराची आकारणी पाहू दिली तर ती वैयक्तिक माहितीचा भंग ठरेल, असे सांगितले जाते. कलम ८(१)(ञ) मध्ये आधी सार्वजनिक कार्याशी संबंध, खाजगीपणावरचे अवाजवी आक्रमण असे निकष होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ते काढून उपकलम आखूड केले. हा बदल मला घातक वाटतो, कारण ‘वैयक्तिक’ या एका शब्दावर कागद नाकारण्याचा मोह त्याने वाढेल. तरीही कलम ८(२) शाबूत आहे : संरक्षित हितापेक्षा प्रकटनातले सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. करात ते हित उघड आहे. एकाच ओळीतल्या, एकाच प्रतीच्या दोन घरांना वेगळा दर लागला, तर समानतेचा प्रश्न उभा राहतो, आणि तुलना केल्याशिवाय तो उभाच करता येत नाही. मालकाचा फोन क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचा तपशील झाकावा. क्षेत्रफळ, परिक्षेत्र आणि दर झाकण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आहे. एप्रिल १९९१ च्या किमतींवरून प्रत्येक घराचा गट ठरलेला आहे, आणि कोणत्याही पत्त्याचा गट कोणालाही पाहता येतो. आपला गट चुकला असे वाटणारा माणूस पहिल्यांदा शेजारच्या घरांचे गट पाहतो, आणि मगच आव्हान देतो.

उपद्रवी अर्जदारांबद्दलही सरळ बोलावे. ते आहेत. एकाच विषयावर वर्षभर अर्ज टाकणारे, मिळालेला कागद दाखवून पैसे मागणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे मेहनती कर्मचाऱ्यांना होणारा ताप खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय पूर्वपक्ष उलटा सांगतो. दरांचे ठराव, परिक्षेत्रांचे नकाशे, सुटींचे नियम, मोठ्या थकबाकीच्या याद्या हे सारे कलम ४(१)(ख) च्या भावनेप्रमाणे आपणहून प्रसिद्ध केले, तर ज्या कागदासाठी सौदा होतो तो कागदच बाजारात विकाऊ राहत नाही. लपवलेल्या कागदालाच किंमत येते. आणि स्वतःच्या घराची माप-नोंद मागणाऱ्या माणसाला या टोळीत ढकलणे तर अन्यायाचेच आहे.

थकबाकीदारच वाद घालतात, या समजालाही मोठे प्रत्युत्तर मुंबईने दिलेले आहे. २०१० मध्ये तेथे भांडवली मूल्यावर आधारित कर आला. नियमांनी जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल हेही मूल्यात धरले. मालकांच्या संघटनेने आव्हान दिले; २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कर लावायचा तो आज उभ्या असलेल्या वस्तूवर, उद्याच्या शक्यतेवर नव्हे. तो झगडा कर बुडवण्यासाठी नव्हता, सूत्रातली एक पायरी बेकायदा होती हे दाखवण्यासाठी होता. आणि ती पायरी दिसली, कारण सूत्र छापील नियमांत होते.

ग्वाल्हेरला हे उदाहरण लांबचे नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राने राज्यांना वाढीव कर्जाची मुभा देताना अट घातली की संपत्तिकराचे किमान दर जमिनीच्या शासकीय दरांशी सुसंगत ठेवावेत. ही नागरी सुधारणा पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर मध्य प्रदेश होता. म्हणजे आता कराच्या सूत्रात कलेक्टर गाइडलाइनही आली, जी दस्त-नोंदणीसाठी ठरते आणि वेळोवेळी बदलते. सूत्रात एक आकडा वाढला, तो दुसऱ्या खात्यातून आला, आणि करदात्याला मात्र त्याच्या नोटिशीत शेवटची रक्कम तेवढी दिसते. अशा वेळी आधार मागण्याची गरज वाढते की कमी होते?

लोकअदालतीचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की वाद मिटवायची सोय आहेच. मध्य प्रदेशात नॅशनल लोकअदालतीच्या दिवशी संपत्तिकराच्या अधिभारात सूट मिळते : कर आणि अधिभार मिळून पन्नास हजारांपर्यंत असेल तर सगळा अधिभार माफ, एक लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे पंचवीस टक्के. त्या दिवशी रांगा लागतात, वसुली होते, अनेक कुटुंबांचे ओझे उतरते. ही चांगली गोष्ट आहे. पण माफ होतो तो अधिभार. मूळ आकारणी चुकली असेल तर ती तशीच राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चुकीवर अधिभार चढू लागतो. वाद मिटल्याची नोंद होते, चूक मात्र दप्तरात कायम राहते.

माझी मांडणी एवढीच आहे की प्रत्येक मागणीपत्रावर पाच गोष्टी छापाव्यात : नोंदलेले क्षेत्रफळ भागाभागाने, बांधकामाची प्रत, परिक्षेत्र, लावलेला दर व त्याच्या ठरावाची तारीख, आणि दिलेली किंवा नाकारलेली सूट. अपिलाचा अधिकारी आणि मुदतही त्याच कागदावर असावी. यासाठी काही शोधावे लागणार नाही; हे आकडे संगणकात असल्याशिवाय रकमेचा हिशेबच होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि राज्यभरातल्या नागरी संस्थांची ऑनलाइन कामे अडली. आकारणीचा आधार प्रत्येक नोटिशीवर छापलेला असता, तर त्याच्या प्रती घराघरांत असत्या आणि निगमलाही त्याचा उपयोग झाला असता.

यावर शेवटचा आक्षेप असा की तपशील दिला तर लोक आणखी भांडतील. काही भांडतील. पण मग भांडण ‘दुकानाचे माप दोनशे चौरस फूट की दीडशे’ एवढ्यापुरते राहील आणि फीत घेऊन गेलेला करसंग्राहक ते त्याच दिवशी मिटवू शकेल. संपत्तिकराचे दर वर्ष सुरू होण्याआधी परिषदेपुढे येतात. त्याच बैठकीत मागणीपत्राचा नमुना बदलण्याचा ठराव मांडायला लष्कर, मुरार आणि जुन्या ग्वाल्हेरच्या ६६ प्रभागांतला कोणताही पार्षद पुढे येऊ शकतो. करदात्यांनी आपापल्या पार्षदाकडे ही मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.